हात बघू नका, नेम बघा

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसमध्ये एक भला मोठा कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो. त्याचं नाव एनएफएल कम्बाइन. कॉलेज फुटबॉल संपवून व्यावसायिक फुटबॉलमध्ये शिरू पाहणारी तीनशेच्या वर पोरं तिथे येतात. त्यांची उंची मोजतात, वजन करतात, पंजा किती इंचांचा ते बघतात, ४० यार्ड पळवतात, जागेवरून उड्या मारायला लावतात. त्यातल्या क्वार्टरबॅकांनी फेकलेला बॉल ताशी किती मैल वेगाने गेला हेही रडारने मोजतात. मग टीव्हीवरची तज्ज्ञ मंडळी दोन महिने त्या आकड्यांच्या आरत्या ओवाळतात, आणि एप्रिलमध्ये कुठली तरी टीम आपली पुढची चार-पाच वर्षं त्यातल्या एखाद्या आकड्यावर ओवाळून टाकते.

माझं म्हणणं सरळ आहे. हाताचा जोर बघून क्वार्टरबॅक निवडणं हा मूर्खपणा आहे. बरं, तोही एकदाच केलेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नव्याने करतं, आणि दर वेळी आपण काहीतरी धाडसी करतोय अशा थाटात करतं. हातात जोर लागतो, हे कबूल. पण तो दहावीच्या ३५ टक्क्यांसारखा. तेवढे नसतील तर पुढे जाता येत नाही, पण म्हणून कुणी ३५ टक्क्यांवर मेरिट लिस्ट लावत नाही. मेरिट लिस्ट लावायची ती नेमावर.

ज्यांनी हा खेळ फक्त सुपर बोलच्या दिवशी, वडापाव नाहीतर पिझ्झा खात, जाहिरातींसाठी पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. (बाकीच्यांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा.) क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा सूत्रधार. बॉल त्याच्या हातात आला की साधारण अडीच-तीन सेकंदांत समोरच्या अकरा जणांचा डाव ओळखायचा, आपल्या पळणाऱ्या चार-पाच रिसीव्हरांपैकी कोण मोकळा होणार ते ठरवायचं, आणि तो जिथे असेल तिथे नव्हे, तर जिथे पोहोचणार आहे तिथे बॉल टाकायचा. हे सगळं करताना सव्वाशे-दीडशे किलोचे चार गडी आपल्याला आडवं करायला धावत येत असतात. बॉल आपल्या माणसाने झेलला तर 'कम्प्लीशन'. समोरच्याने झेलला तर 'इंटरसेप्शन', म्हणजे बॉलही गेला आणि बहुतेक वेळा मॅचही. शंभर फेकींपैकी किती झेलल्या गेल्या ते कम्प्लीशन पर्सेंटेज. हल्ली लीगची सरासरी ६५ च्या आसपास असते.

आता हाताच्या ताकदीचा नेमका फायदा किती? आपण इंजिनिअर माणसं, तर गणितच मांडू. एकाचा बॉल ताशी ६० मैलांनी जातो, दुसऱ्याचा ५४ नी. पहिला हात तोफ म्हणून गाजतो, दुसरा 'ठीक आहे' म्हणून विसरला जातो. रिसीव्हर २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर पहिला बॉल ०.६८ सेकंदांत पोहोचतो, दुसरा ०.७६ मध्ये. फरक ०.०८ सेकंद. ताशी २० मैलांनी धावणारा डिफेंडर तेवढ्या वेळात सव्वादोन-अडीच फूट कापतो. सव्वादोन फूट कमी नाहीत, तेवढ्यात हात मध्ये येऊ शकतो. म्हणजे ताकदीचा फायदा खोटा नाही.

पण आता दुसरी बाजू बघा. त्याच ६० फुटांवर तुमचा नेम फक्त २ अंशांनी चुकला, तर बॉल किती बाजूला जातो? दोन फुटांहून थोडा जास्त. म्हणजे तोफेसारख्या हाताने जे काही कमावलं, ते दोन अंशांनी जवळजवळ सगळं घालवलं. आणि अंतर दुप्पट केलं की चूकही दुप्पट होते. ४० यार्डांवर तेच २ अंश चार फुटांच्या वर जातात. थोडक्यात, ज्याला लांब फेकायचंय त्याला नेमाची गरज जास्त आहे, कमी नाही! शिवाय ते ०.०८ सेकंद परत मिळवायचा दुसरा, फुकटचा मार्ग आहे. बॉल थोडा आधी सोडायचा. रिसीव्हर वळायच्या आत, तो कुठे वळणार हे ओळखून. ते डोक्याचं काम आहे, दंडाचं नाही. आणि ज्या लांब फेकींसाठी हा सगळा आटापिटा, त्या वीस यार्डांपलीकडच्या फेकी दहात एखादी. बाकीचा संसार पाच, आठ, बारा यार्डांचा.

क्रिकेटमध्ये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ताशी दीडशे किलोमीटरने टाकणारा बघायला मजा येते हे खरंच. पण ग्लेन मॅकग्राने कसोटीत ५६३ विकेट्स घेतल्या त्या वेगाने नव्हे, टप्प्याने आणि दिशेने. ऑफ स्टंपच्या बाहेर तोच तो रुपयाएवढा टप्पा. मग फुटबॉलच्या मैदानावर आल्यावरच आपलं डोकं कुठे जातं?

डोकं कुठे जातं त्याचा एक नमुना बघा. २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचा काइल बोलर हा क्वार्टरबॅक ड्राफ्टच्या आधी एका करामतीमुळे गाजला. मैदानाच्या मध्यावर गुडघ्यांवर बसायचं आणि तिथून बॉल थेट गोलपोस्टच्या दोन खांबांमधून काढायचा. बघणारे वेडे झाले. याच मुलाच्या कॉलेजच्या चार वर्षांत निम्म्याहून जास्त फेकी कुणीच झेलल्या नव्हत्या, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण कागद कोण वाचतो? बाल्टिमोर रेव्हन्सने पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क पॅट्रियट्सना देऊन १९ व्या क्रमांकावर त्याला उचलला. त्या वेळी रेव्हन्सकडे रे लुइस होता, एड रीड होता. डिफेन्स असा की समोरच्याला घाम फुटावा. फक्त बॉल नीट पोहोचवणारा माणूस हवा होता. बोलरने कारकिर्दीत ४८ टचडाउन दिले आणि ५४ इंटरसेप्शन. पॅट्रियट्सनी त्या हक्कावर २००४ मध्ये विन्स विलफोर्क घेतला. तो दशकभर त्यांच्या बचावाचा खांब होऊन राहिला.

साहेब, गुडघ्यावर बसून बॉल फेकायची वेळ मॅचमध्ये येते कधी?!

चार वर्षांनी हीच गोष्ट ओकलंडमध्ये. २००७ चा पहिला क्रमांक, जामार्कस रसेल. त्याच्याबद्दल न्याय्य बोलायचं तर कॉलेजातले त्याचे आकडे बोलरसारखे वाईट नव्हते. पण चर्चा कसली? तो गुडघ्यावर बसून ६० यार्ड फेकतो याची. त्या हाताच्या चकाकीपुढे तो तयारी किती करतो, डाव किती वाचतो, हे प्रश्न मागे पडले. २५ मॅचेसमध्ये सुरुवात केली, ७ जिंकल्या. १८ टचडाउन, २३ इंटरसेप्शन, ५२ टक्के. मे २०१० मध्ये टीमने सोडून दिलं. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या मागून कॅल्विन जॉन्सन, जो थॉमस, एड्रियन पीटरसन आणि डॅरेल रीव्हिस गेले.

आता याच्या उलटी गोष्ट सांगतो. माझ्या मते आपल्यासारख्या लोकांनी ती पाठ करून ठेवायला हवी.

१९६९ साली सिनसिनाटी बेंगल्सकडे ग्रेग कुक नावाचा नवाकोरा क्वार्टरबॅक आला. हात असा की त्याला बघून बिल वॉल्श नावाचा तरुण असिस्टंट कोच हरखून गेला होता. लांब लांब फेका, मैदान मोकळं करा, असा सगळा बेत. आणि पहिल्याच हंगामात कुकचा खांदा फाटला. कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. पुढच्या वर्षी वॉल्शच्या हाती आला व्हर्जिल कार्टर. हात मामुली, पण नेम पक्का आणि डोकं त्याहून पक्कं. आता कुकसाठीचे डाव कार्टरकडून खेळवता येईनात. मग वॉल्शने डावच बदलले. लांब नाही तर रुंद. छोट्या फेकी, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या जागी. क्वार्टरबॅकची पावलं आणि रिसीव्हरची पावलं एकमेकांना बांधलेली. बॉल पोहोचवायचा आणि उरलेले यार्ड रिसीव्हरच्या पायांनी काढायचे. १९७० मध्ये बेंगल्सनी आपला गट जिंकला. १९७१ मध्ये कार्टरचं कम्प्लीशन पर्सेंटेज लीगमध्ये सर्वात वर होतं, ६२.२. त्या काळात हा आकडा म्हणजे चैन.

हेच डाव घेऊन वॉल्श १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर, जो मोंटाना नावाचा मुलगा घेतला. त्याच्याही हाताबद्दल स्काउट मंडळी नाकं मुरडत होती. मोंटाना चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, आणि त्या चारांत मिळून त्याने एकही इंटरसेप्शन दिलं नाही. पुढे या पद्धतीला 'वेस्ट कोस्ट ऑफेन्स' असं नाव पडलं. आज लीगमध्ये जवळपास प्रत्येक टीमच्या डावांत तिचं रक्त आहे. आणि तिचा जन्म कशातून झाला? एका कोचकडे जोरदार हात उरला नाही, म्हणून!

(जाता जाता एक गंमत. हा कार्टर संख्याशास्त्राचा माणूस. १९७१ मध्ये त्याने रॉबर्ट मॅकॉल यांच्याबरोबर 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात फुटबॉलवर एक पेपर लिहिला. मैदानावर कुठल्या यार्डावर बॉल असला तर सरासरी किती गुण अपेक्षित धरावेत, याचा हिशोब त्यात होता. आज ज्याला सगळे ॲनालिटिक्स म्हणतात त्याचा हा एक मूळ पुरुष. आणि तो स्वतः क्वार्टरबॅक होता, 'कमजोर हाताचा'.)

हात आणि नेम यांतून एकच निवडायचं, असा प्रसंग एकाच टीमवर आला तर काय होतं? तेही झालंय, आणि आम्हा न्यू जर्सीकरांच्या अंगणातच. ऑगस्ट २००८. जेट्सकडे चॅड पेनिंग्टन होता. उजव्या खांद्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या, बॉल हवेत तरंगत जातो अशी थट्टा, पण नेम म्हणाल तर टाचणीवर. तेवढ्यात ब्रेट फाव्हर निवृत्तीतून परतला आणि बाजारात उपलब्ध झाला. फाव्हर म्हणजे हाताच्या भक्तांचं आराध्य दैवत. बॉल इतका जोरात की रिसीव्हरांची बोटं मोडत. जेट्सनी फाव्हर घेतला आणि पेनिंग्टनला दार दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मायामी डॉल्फिन्सनी त्याला उचललं. डॉल्फिन्स म्हणजे २००७ मध्ये १६ पैकी १ मॅच जिंकलेली टीम.

पुढे काय झालं? जेट्स ११ पैकी ८ जिंकून ढगात होते. मग पाचातल्या चार हरले. मायामी मुंगीच्या पावलांनी येत राहिली. २८ डिसेंबर २००८ ला हंगामाची शेवटची मॅच, जेट्सच्याच मैदानावर, समोर पेनिंग्टन. मायामी २४-१७ ने जिंकली आणि गटविजेती झाली. फाव्हरने त्या दिवशी तीन इंटरसेप्शन दिले. जेट्सच्या कोचची दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. हंगामाचा हिशोब असा: फाव्हर २२ टचडाउन, २२ इंटरसेप्शन. पेनिंग्टन १९ टचडाउन, ७ इंटरसेप्शन, ६७.४ टक्के. मायामी १ वरून ११ वर.

आता कुणी म्हणेल, मायामीत नवा कोच होता, नवे डाव होते. होते. फाव्हरचा दंड शेवटी दुखावलेला होता. होता. जेट्सही आदल्या वर्षीच्या ४ वरून ९ वर गेले, हेही खरं. आणि प्लेऑफमध्ये बाल्टिमोरपुढे पेनिंग्टनने स्वतः चार इंटरसेप्शन देऊन माती खाल्ली, तेही मी लपवत नाही. एका हंगामाने सिद्धान्त सिद्ध होत नाही. पण दोघांचं कम्प्लीशन पर्सेंटेज फार दूर नव्हतं (फाव्हर ६५.७), आणि तरी एकाचे ७ इंटरसेप्शन, दुसऱ्याचे २२. हा फरक कशाचा? आपला हात कुठल्याही फटीतून बॉल घुसवेल या विश्वासाचा. ज्याच्याकडे तोफ नाही तो फट आहे का हे आधी बघतो. जोरदार हाताचा हा छुपा तोटा कम्बाइनच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

एवढं बोलून झालं की ऑफिसातला माझा मित्र नेहमी हुकमी पत्ता काढतो. "अरे, जॉश ॲलन! त्याचं काय?"

बरोबर आहे, ॲलनबद्दल बोललंच पाहिजे. वायोमिंग कॉलेजात ५६ टक्के. २०१८ मध्ये बफेलो बिल्सने सातव्या क्रमांकावर घेतला तेव्हा आकडेवाल्यांनी डोक्याला हात लावला. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, दुसऱ्या वर्षी ५८.८. तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२! २०२४ च्या हंगामाचा तर तो एमव्हीपी. हात भक्तांनी जल्लोष केला, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

मला तर यात माझंच म्हणणं सिद्ध झालेलं दिसतं. विचार करा. २०१८ मध्ये ॲलनचा हात जेवढा जोरदार होता तेवढाच २०२० मध्ये होता. हात कॉन्स्टंट. बदललं काय? त्याने फेकण्याची पद्धत मुळापासून सुधारली, पायांची ठेवण बदलली, स्टीफॉन डिग्जसारखा रिसीव्हर मिळाला, आणि नेम आला. नेम व्हेरिएबल. नेम नव्हता तेव्हा तो तोफ असूनही सामान्य होता. नेम आला तेव्हा थोर झाला. जी गोष्ट दोन्ही वेळा तशीच होती तिला फरकाचं श्रेय देणं, हे कुठल्या डिबगिंगमध्ये बसतं?

शिवाय हेही बघा की हुकमी पत्ता दर वेळी तोच निघतो. "नेम शिकवता येतो" याला उदाहरण मागितलं की ॲलन. दुसरं मागितलं की घसा खाकरतात. उदाहरणाला दर वेळी एकच नाव येत असेल तर तो नियम नसतो, अपवाद असतो. आणि अपवादाकडे बघून धोरण ठरवणं म्हणजे शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून आपला पगार तिकिटांत घालणं.

ही लॉटरी कुणाला किती महागात पडते त्याचं ताजं उदाहरण त्याच इंडियानापोलिसचं. २०२३ ची कम्बाइन. फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन. वजन २४४ पौंड आणि उभी उडी ४०.५ इंच, क्वार्टरबॅकांमधला विक्रम. ४० यार्ड ४.४३ सेकंदांत. हात तर काय विचारता. कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेल्या मॅचेस फक्त १३, आणि शेवटच्या वर्षी ५३.८ टक्के. कोल्ट्सनी चौथ्या क्रमांकावर घेतला. सगळे म्हणाले, नवा ॲलन. पहिल्या वर्षी चार मॅचेसनंतर खांदा गेला. २०२४ मध्ये ४७.७ टक्के, ८ टचडाउन, १२ इंटरसेप्शन. शंभरातल्या बावन्न फेकी जमिनीवर नाहीतर समोरच्याच्या हातात. मधेच त्याला बसवून चाळिशीला टेकलेल्या जो फ्लॅकोला खेळवावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्ट्सनी डॅनियल जोन्सला सुरुवातीचा क्वार्टरबॅक ठरवलं. हा जोन्स न्यूयॉर्क जायंट्सनी काढून टाकलेला. त्याच्यावर कुणी कविता करत नाही. बॉल वेळेवर जायला लागला आणि त्याच कोल्ट्सनी पहिल्या १० पैकी ८ मॅचेस जिंकल्या. (डिसेंबरात बिचाऱ्या जोन्सची टाचेची शीर तुटली आणि पुढचा हंगाम कोसळला. ते वेगळं दुःख.)

मला यात रिचर्डसनचा राग येत नाही. त्याच्याबद्दल वाईटच वाटतं. विशीतला मुलगा, १३ मॅचेसचा अनुभव. त्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुझा नेम यायला दोन वर्षं लागतील, तू थांबतोस का? त्याच्या उडीवर आणि हातावर भाळून त्याला साठ-सत्तर हजार माणसांसमोर उभं केलं, आणि नेम चुकला की त्याच माणसांनी हुर्यो केली. ज्यांनी निवडलं त्यांची चूक, शिक्षा त्याला. आणि त्याच्याबरोबर इतरांनाही. चुकीच्या उंचीवर आलेला बॉल झेलायला रिसीव्हर हात वर करून अंग ताणतो, तेव्हा त्याच्या बरगड्या उघड्या पडतात आणि समोरून सेफ्टी पूर्ण वेगात येत असतो. नेम नसलेल्या क्वार्टरबॅकचं बिल असं दुसऱ्याच्या हाडांवर फाटतं. एनएफएलमधली कारकीर्द आधीच तोकडी. त्यातली तीन-तीन वर्षं कुणाच्या तरी 'पोटेन्शियल'ची वाट बघण्यात गेली तर ती कुणी परत देत नाही.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. कम्प्लीशन पर्सेंटेज म्हणजे नेम नव्हे. दोन-दोन यार्डांवर बॉल सरकवत राहिलात की टक्केवारी फुगते. मॅक जोन्स २०२० मध्ये अलाबामात ७७.४ टक्क्यांनी खेळला. समोर रिसीव्हर असे की ते कायम चार पावलं मोकळे. पॅट्रियट्सकडे पहिलं वर्ष छान गेलं, पण २०२३ पर्यंत तो बाकावर होता. तेव्हा टक्केवारी डोळे मिटून घेऊ नका. किती लांबून, किती गर्दीत, किती दबावाखाली, आणि झेलणाऱ्याला धावता धावता मिळाला की थांबून वाकावं लागलं, हे बघा. हल्ली खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, त्यामुळे त्या फेकीला अपेक्षित टक्केवारी किती आणि याने काढली किती, हेही मोजता येतं. मोजमापाला माझा विरोध नाही. जे मोजायला सोपं तेच महत्त्वाचं मानण्याला आहे.

आणि जोराची एक किमान पायरी असते, हेही मी सुरुवातीलाच मानलंय. पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियांनंतर परतला तेव्हा त्याच्या फेकी डुगडुगत जायच्या. तशाच डुगडुगत्या फेकींनी त्याने २०१३ मध्ये ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्डांचे विक्रम केले, आणि ते अजून कुणी मोडलेले नाहीत. पण २०१५ येईतो अंगात काहीच उरलं नव्हतं. ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन, आणि सुपर बोल मिळाला तो डिफेन्सच्या जिवावर. पायरीच्या खाली गेलात की संपलं. पण पायरीच्या वर आलात की पुढचा प्रत्येक मैल जवळजवळ शोभेचा.

मग शहाणी, भरपूर पगार घेणारी, व्हिडिओचे ढीग उपसणारी माणसं पुन्हा पुन्हा हातालाच का भुलतात? माझं उत्तर जरा कडू आहे. नेम असलेला मुलगा निवडला तर श्रेय त्या मुलाचं. जोरदार हाताचा, अर्धाकच्चा मुलगा निवडून तो घडला, तर श्रेय कोचचं. "हात शिकवता येत नाही, बाकीचं मी शिकवीन" या वाक्यात खरा जोर 'मी'वर असतो. हात निवडणारा कोच खरं तर स्वतःला निवडत असतो.

हे आपल्या धंद्यात होत नाही असं समजू नका. इंटरव्ह्यूमध्ये फळ्यावर दहा मिनिटांत अवघड कोडं फोडणाऱ्याला बघून पॅनेलचे डोळे दिपतात. ज्याचं कोड शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर जाऊन सोमवारपर्यंत गप्प राहतं, त्याच्या नावापुढे 'सॉलिड, बट नथिंग स्पेशल' असा शेरा पडतो. अशा शेऱ्याचे मी पाहिलेले दोघं-तिघं जण पुढे कुठल्या कुठे गेले, आणि फळ्यावरच्या तोफा रात्री तीन वाजता इतरांना उठवत राहिल्या. असो.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये सर्वात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर, ब्रॉक पर्डी निवडला गेला. उंची बेताची, हात बेताचा. त्याच्याच टीमने, फोर्टीनाइनर्सनी, आदल्या वर्षी पहिल्या फेरीचे तीन हक्क खर्चून तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स घेतला होता. लान्सचा घोटा मोडला हे त्याचं दुर्दैव, ते मी त्याच्या खाती धरत नाही. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये टीमने लान्सला एका चौथ्या फेरीच्या हक्कावर दुसरीकडे धाडलं, आणि पर्डी ६९.४ टक्क्यांनी खेळत त्या हंगामात टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २६१ वेळा सगळ्या टीमनी मिळून त्याला नको म्हटलं होतं. पॅट्रियट्सनी २००० साली टॉम ब्रेडी घेतला तोही १९९ व्या क्रमांकावर, आणि त्याच्याही अहवालात हात कमजोर असल्याची नोंद होती. त्याने सात सुपर बोल जिंकले.

तेव्हा पुढच्या कम्बाइनला एखादा पोरगा आभाळाला भोक पाडणारी फेक करेल आणि टीव्हीवाला किंचाळेल, तेव्हा एवढंच विचारा: समोर कुणी धावत नसताना, अंगावर कुणी येत नसताना हा बॉल किती लांब गेला ते कळलं. आता मला तिसऱ्या डाऊनला, आठ यार्ड हवे असताना, दोन गडी अंगावर आलेले असताना फेकलेल्या याच्या वीस फेकी दाखवा. त्यातल्या किती रिसीव्हरच्या छातीशी आल्या, ते मोजा, आणि तेवढ्यावर निवडा.